पिन बसली, पण व्होल्टेज जुळलं का?

चिपळूणला माझं विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात दुकानातलं काम बदलतं. आखातातून मुलगे सुट्टीवर आलेले असतात, अमेरिकेहून लेकी-सुना आलेल्या असतात, आणि त्यांच्या बॅगांमधून उतरलेल्या वस्तू आठ-दहा दिवसांत माझ्या टेबलावर येतात. इस्त्री, किटली, केसांचा ड्रायर, ज्यूसर, कुकर. बहुतेक वस्तू नव्याकोऱ्या असतात आणि बहुतेक पहिल्याच वेळी जळलेल्या असतात.

मागच्या वर्षी एक काकू उशीच्या अभ्र्यात गुंडाळून इलेक्ट्रिक कुकर घेऊन आल्या. लेकीने न्यू जर्सीहून येताना आणलेला. त्या म्हणाल्या, "दादा, बाजारातून पिन आणली, ती नीट बसली, बटण दाबलं आणि फट्ट आवाज आला. पिन तर बरोबर होती ना?" मी कुकर उलटा केला. तळाला चंदेरी पाटी होती: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १००० वॉट. खालचं झाकण काढलं तर सर्किटवरची नखाएवढी निळी चकती मधोमध फुटलेली होती आणि आजूबाजूचा भाग काजळीने काळा झाला होता. पिन खरोखरच बरोबर होती. नेमकी तीच अडचण होती.

हा गैरसमज इतक्या शिकल्यासवरल्या घरांत आहे की मला त्याची काळजी वाटते. एका देशाची पिन दुसऱ्या देशाच्या सॉकेटमध्ये बसत नाही, ही गैरसोय वाटली तरी तेच आपलं शेवटचं संरक्षण असतं. बाजारातला अ‍ॅडाप्टर ते संरक्षण काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. म्हणून परदेशातून वस्तू आणणाऱ्यांसाठी, आणि इथल्या वस्तू घेऊन पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी, मी दुकानात जे सांगतो ते सविस्तर लिहितो आहे.

पहिलं काम: वस्तू उलटी करा

पिन बघू नका. वस्तूच्या तळाला, पाठीला किंवा चार्जरच्या डबीवर पाटी असते, ती वाचा. अक्षरं बारीक असतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. त्यात 'इनपुट' या शब्दापुढचे आकडे महत्त्वाचे. 'आउटपुट'चे आकडे त्या डबीतून पुढे काय जातं ते सांगतात, त्यांच्याशी भिंतीतल्या विजेचा संबंध नाही. हे दोन आकडे उलटसुलट वाचल्याने फसलेले लोक मी पाहिले आहेत.

'१००-२४०' (व्होल्ट) असं लिहिलं असेल आणि पुढे '५०/६०' (हर्ट्झ) असेल, तर ती वस्तू जगात जवळजवळ कुठेही चालते. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर, कॅमेऱ्याचे चार्जर, दाढीची बरीच यंत्रं या गटात येतात. त्यांना फक्त पिन बदलणारा अ‍ॅडाप्टर लागतो. त्यांच्याबद्दल आणखी लिहायची गरज नाही.

'२२०-२४०' असेल तर ती वस्तू भारत, आखातातले बहुतेक देश, ब्रिटन, युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथे चालेल, अमेरिकेत नाही. '१२०' किंवा '११०' असेल तर ती अमेरिका किंवा कॅनडासाठी, आणि '१००' असेल तर जपानसाठी बनलेली आहे. या वस्तू आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट कधीही लावायच्या नाहीत.

आणखी एक प्रकार आहे, तो फसवा आहे. काही ड्रायरवर, केस सरळ करायच्या काही यंत्रांवर आणि जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या पॉवर सप्लायवर एक छोटा सरकता खटका असतो. एका बाजूला ११५ किंवा १२५, दुसऱ्या बाजूला २३० किंवा २५०. अशी वस्तू दोन्हीकडे चालते, पण खटका आपल्याला हाताने सरकवावा लागतो. खटका ११५ वर ठेवून इथे लावलेला संगणक एका सेकंदात जातो. आधी खटका सरकवा, मगच पिन लावा. परत जातानाही आठवणीने उलटा सरकवा.

पाटीच नसेल, पुसली गेली असेल किंवा फक्त चिनी अक्षरं असतील, तर ती वस्तू लावू नका. अंदाजाने लावायची ही गोष्ट नाही.

व्होल्टेज दुप्पट, उष्णता चौपट

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज येते. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, आणि हर्ट्झ म्हणजे विजेची लाट सेकंदाला किती वेळा येते तो आकडा. प्रत्यक्षात ती खालीवर होते; गावाकडे संध्याकाळी २०० च्या आसपास उतरलेलीही मी मीटरवर पाहिली आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. म्हणजे आपली वीज त्यांच्या जवळपास दुप्पट दाबाची.

लोकांना वाटतं, दुप्पट दाब म्हणजे कुकर दुप्पट तापेल, भात लवकर शिजेल. तसं होत नाही. तापणाऱ्या कॉइलवर दाब दुप्पट केला की तिच्यातून वाहणारा करंटही दुप्पट होतो, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे उष्णता. ती चौपटीच्या जवळ जाते. काकूंचा १००० वॉटचा कुकर २३० व्होल्टवर ३६०० वॉटपेक्षा जास्त ओढायला लागला असता, म्हणजे जवळजवळ १६ अँपिअर. त्यासाठी ना ती कॉइल बनली होती, ना आतली वायर, ना त्यांच्या ओट्यावरचा ६ अँपिअरचा पॉइंट. जास्त दाब आला की स्वतः फुटून बाकीचं वाचवणारी ती निळी चकती फुटली आणि फ्यूज उडाला, म्हणून एवढ्यावर भागलं. साध्या टोस्टरमध्ये किंवा जुन्या ड्रायरमध्ये अशी चकती नसते. तिथे कॉइल आधी लालऐवजी पांढरी होते आणि मग वितळते, किंवा शेजारचं प्लास्टिक पेटतं.

उलट दिशेने गेलात तर आग लागत नाही, पण काम होत नाही. इथली १००० वॉटची इस्त्री अमेरिकेत लावली की तिची ताकद पावणेतीनशे वॉटपर्यंत उतरते. कोमट होते आणि तशीच राहते. पाण्याच्या रॉडचंही तेच. मोटरची गोष्ट मात्र वेगळी. कमी दाबावर मिक्सरची मोटर फिरते, पण ओलं खोबरं घातलं की अडते, आणि अडलेली मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा लवकर जळते. आवाज घोगरा होतो, वार्निश जळल्याचा गोडसर वास येतो. तो वास आला की मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, गेलं असं समजा.

अ‍ॅडाप्टर, कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर

दुकानदारसुद्धा या तिन्ही शब्दांची सरमिसळ करतात, म्हणून विकत घेताना नीट विचारा.

अ‍ॅडाप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. भिंतीत २३० असतील तर पुढेही २३० च जातात. त्यावर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं असलं तरी.

कन्व्हर्टर म्हणून प्रवासाच्या दुकानात एक हलकी डबी मिळते, मुठीत मावणारी, तिच्यावर १६०० किंवा २००० वॉट असा मोठा आकडा छापलेला. ती विजेची लाट कापून दाब कमी केल्यासारखं करते. निव्वळ तापणाऱ्या साध्या वस्तूला चार-पाच मिनिटं चालते. मोटर, डिस्प्ले, टायमर, सर्किट असलेल्या वस्तूला ती कधीही जोडू नका. त्या कापलेल्या लाटेने सर्किट खराब होतं. आजच्या कुकरपासून टूथब्रशपर्यंत जवळजवळ सगळ्यात सर्किट असतं, त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की ही डबी घेऊच नये.

ट्रान्सफॉर्मर हे खरं उत्तर. आत लोखंडी पट्ट्या आणि तांब्याची वाइंडिंग असते, म्हणून तो जड असतो. ट्रान्सफॉर्मरची ताकद व्हीएमध्ये मोजतात, ढोबळमानाने वॉटसारखीच. १००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर एका हाताने सहज उचलला जात असेल तर आत काय आहे असा प्रश्न विचारायला हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत चांगले मिळतात, मागणीप्रमाणे बनवूनही देतात. घेताना तीन गोष्टी बघा. '२३० चे ११०' करणारा स्टेप डाउन हवा की '११० चे २३०' करणारा स्टेप अप हवा, ते आधी ठरवा. त्यावर '५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं असू द्या. अमेरिकेतून आणलेला, फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो. आणि ताकद: तापणाऱ्या वस्तूसाठी तिच्या वॉटच्या सव्वा ते दीडपट, मोटर असलेल्या वस्तूसाठी किमान दुप्पट. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, त्या क्षणासाठी ही मोकळीक लागते.

बाजारातले बरेच स्वस्त ट्रान्सफॉर्मर 'ऑटो' प्रकारचे असतात. दाब बरोबर देतात, पण त्यांच्या आतली दोन्ही वाइंडिंग एकमेकांपासून सुटी नसतात, त्यामुळे शॉकपासून वेगळं संरक्षण मिळत नाही. ते वापरायला हरकत नाही, फक्त 'ट्रान्सफॉर्मर आहे, आता शॉक बसणार नाही' असं समजू नका. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा. वस्तू बंद असली तरी ट्रान्सफॉर्मर गुणगुणत राहतो आणि तापत राहतो.

मला विचाराल तर १५०० वॉटच्या अमेरिकन कुकरसाठी सव्वादोन हजार व्हीएचा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर मांडणं हा शहाणपणा नाही. त्या पैशात इथला नवा कुकर येतो. ट्रान्सफॉर्मर घ्यावा तो शिवणयंत्रासारख्या, आवडीच्या किंवा इथे न मिळणाऱ्या वस्तूसाठी.

अमेरिकेचा एक्स्टेन्शन बोर्ड

हा मुद्दा वेगळा लिहितो, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. लॅपटॉप, मोबाइल सगळं १००-२४० चं आहे, मग तिकडचाच बोर्ड आणला, त्याला एक अ‍ॅडाप्टर लावला की सगळं जोडता येईल, असा हिशेब असतो. तिकडच्या चांगल्या बोर्डांत सर्ज प्रोटेक्टर असतो, म्हणजे काकूंच्या कुकरमध्ये फुटली तशीच चकती. ती १२० व्होल्टच्या हिशेबाने बसवलेली असते. २३० आले की तिला वाटतं वीज कोसळली. ती तापते, धूर येतो, कधी बोर्डाचं प्लास्टिकही पेटतं. चार्जर सुरक्षित आणि बोर्ड जळतो आहे, असा प्रकार होतो. बोर्ड ज्या देशात वापरायचा त्याच देशात विकत घ्या.

तिकडच्या सजावटीच्या दिव्यांच्या माळांनाही हेच लागू. छोटे बल्ब एकामागे एक जोडून त्या १२० व्होल्टसाठीच बांधलेल्या असतात.

आखातातून आणलेली वस्तू

आमच्या भागात सर्वांत जास्त वस्तू दुबई, कुवेत, दोहा, मस्कत इथून येतात. तिथे व्होल्टेज आपल्यासारखंच, हर्ट्झही ५०. फक्त पिना चपट्या आणि जाड, ब्रिटिश पद्धतीच्या. सौदीत मात्र ६० हर्ट्झ आहेत, आणि तिथल्या जुन्या वस्तूंवर १२७ व्होल्टही लिहिलेले सापडतात, तेव्हा सौदीची पाटी नीट वाचा.

गंमत अशी की आपल्या गोल पिनाही मूळ ब्रिटिशच. त्यांनी १९४७ मध्ये चपट्या पिनांचं नवं मानक आणलं, आपण जुनंच ठेवलं. नव्या पद्धतीत प्रत्येक पिनेच्या, म्हणजे प्लगच्या, आत एक छोटा फ्यूज असतो: कमी वॉटच्या वस्तूला लाल, ३ अँपिअरचा, किटली-इस्त्रीला तपकिरी, १३ अँपिअरचा. त्यांच्या घरातलं वायरिंग ३२ अँपिअरच्या रिंगवर, म्हणजे सगळ्या सॉकेटमधून गोल फिरून परत येणाऱ्या वायरवर असतं, म्हणून वस्तूची वायर वाचवायला पिनेतच फ्यूज लागतो.

इथे चूक होते ती किटलीत. आखातातली किटली २२०० ते ३००० वॉटची असते, म्हणजे १० ते १३ अँपिअर. लोक तिला लहान अ‍ॅडाप्टर लावून ६ अँपिअरच्या पॉइंटमध्ये खोचतात. पहिल्या दिवशी चहा होतो, दुसऱ्या दिवशीही होतो. महिन्याभराने घरात सुकी मासळी भाजल्यासारखा वास येतो आणि कुणी काही भाजत नसतं. तो वास स्विचबोर्डाच्या तापलेल्या प्लास्टिकचा असतो. माझ्याकडे असे बोर्ड येतात: फेजच्या (जिवंत वायरच्या) भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी, मग काळं, आतली पितळी पट्टी निळसर पडलेली आणि तिचा ताणच गेलेला.

अशा वस्तूसाठी १६ अँपिअरचा पॉइंट वापरा आणि अ‍ॅडाप्टरऐवजी वायरमनकडून पिनच बदलून घ्या, आयएसआय शिक्क्याचा १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप बसवून. काम दहा मिनिटांचं आहे.

पिन बदलताना रंगांचं भान ठेवायला वायरमनला सांगा. आखातातल्या आणि युरोपातल्या वायरमध्ये तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल (वीज परत नेणारी), हिरवी-पिवळी म्हणजे अर्थ (अर्थिंगची). अमेरिकन वायरमध्ये काळी म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्या घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. जुन्या सवयीने काळी न्यूट्रलला जोडली गेली की वस्तू चालते, पण तिचं बटण बंद केलं तरी आत फेज जिवंत राहतो.

आता आखातात किंवा ब्रिटनमध्ये नव्याने गेलेल्यांसाठी. तिथल्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रलच्या भोकांवर आतून झडप असते. वरची लांब अर्थ पिन आत गेली की झडप उघडते. इथून नेलेला दोन पिनांचा चार्जर बसत नाही म्हणून खोलीतली मुलं वरच्या भोकात पेन किंवा चमच्याची दांडी घालून झडप उघडतात आणि पिन ढकलतात. जवळजवळ प्रत्येक खोलीत हे चालतं, आणि शिकवणारा जुना रूम पार्टनरच असतो. कृपा करून करू नका. लहान मुलांचं बोट जाऊ नये म्हणून केलेली झडप तुम्ही उघडी ठेवता, पिन सैल बसते, ठिणग्या पडतात आणि मधला फ्यूज नाहीसा होतो. फ्यूजवाला अ‍ॅडाप्टर तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

इथला मिक्सर अमेरिकेला न्यायचा का?

मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया मला हमखास हे विचारतात. चटणी तिथल्या ब्लेंडरमध्ये नीट वाटली जात नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

७५० वॉटचा मिक्सर तिकडे चालवायचा तर किमान १५०० व्हीएचा स्टेप अप ट्रान्सफॉर्मर लागेल. तिथल्या नेहमीच्या १५ अँपिअरच्या सर्किटवर एकूण १८०० वॉट मिळतात, आणि सलग चालणाऱ्या कामासाठी त्यातले ८० टक्के, म्हणजे १४४० वॉटच धरायचे. त्याच ओळीवर टोस्टर चालू असताना मिक्सर सुरू केला तर ब्रेकर पडणारच. ट्रान्सफॉर्मर, मिक्सर आणि भांड्यांनी एक बॅग भरते. त्यापेक्षा ११० व्होल्टचे भारतीय पद्धतीचे मिक्सर तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, ते घ्या. इथून न्यायचीच असतील तर भांडी न्या, पण त्या मॉडेलवर बसतात का ते आधी विचारून.

एक धोक्याची युक्ती कानावर येते, तिच्याबद्दल ठामपणे सांगतो. तिथे कपडे वाळवायच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचं मोठं सॉकेट असतं. 'आपल्यासारखेच २४० आहेत, तिथून वायर काढून घे' असं कुणीतरी सुचवतं. ते आपल्यासारखे नसतात. आपल्याकडे एक वायर फेज आणि दुसरी न्यूट्रल; तिथल्या २४० मध्ये दोन्ही वायर जिवंत, प्रत्येकी १२० च्या. इथल्या मिक्सरचं बटण बहुधा एकच वायर तोडतं, म्हणजे बटण बंद केल्यावरही दुसरी जिवंत राहते. शिवाय त्या सॉकेटमागे ३० अँपिअरचा ब्रेकर असतो; तुमची बारीक वायर जळून जाईल तरी तो पडणार नाही. या सॉकेटला हात लावू नका.

नेब्युलायझर नेणाऱ्या ज्येष्ठांनी पाटी बघूनच बॅग भरावी. आतला कॉम्प्रेसर बऱ्याचदा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच असतो. रात्री दम लागल्यावर हे कळणं वाईट. १००-२४० चा किंवा यूएसबीवर चालणारा लहान नेब्युलायझर इथूनच घेऊन निघा आणि घरी एकदा चालवून बघा.

हर्ट्झ ट्रान्सफॉर्मरने बदलत नाहीत

ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो. लाट सेकंदाला किती वेळा येते ते बदलू शकत नाही. तापणाऱ्या वस्तूंना त्याने फरक पडत नाही. मिक्सर, ड्रिल यांच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरलाही फारसा पडत नाही. पण फ्रिज, जुन्या पद्धतीचं वॉशिंग मशीन, डोशाचं पीठ दळायचा ग्राइंडर यांच्या मोटरचा वेग हर्ट्झवरच ठरतो. अमेरिकन ६० ची मोटर इथे ५० वर सहापैकी पाच हिश्श्यांच्या वेगाने फिरते आणि जास्त तापते. इथला ग्राइंडर तिथे पाचवा हिस्सा जास्त वेगाने फिरतो. मायक्रोवेव्हच्या आतला मोठा ट्रान्सफॉर्मरही हर्ट्झ धरून बनवलेला असतो. फ्रिज, मायक्रोवेव्ह, ग्राइंडर देश बदलताना विकून टाकावेत.

जपानला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे सगळीकडे १०० व्होल्ट, पण पूर्वेला, तोक्योकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला, ओसाकाकडे ६०. १८९० च्या दशकात तोक्योने जर्मन यंत्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि ती फाळणी आजही तशीच आहे. तोक्योत घेतलेली जुनी वस्तू ओसाकाला नेतानाही पाटी वाचावी लागते.

तिसरी पिन

परदेशी वस्तूची तिसरी पिन बसत नाही म्हणून पक्कडीने मोडलेली मी पाहिली आहे. इस्त्रीची. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, अनवाणी उभं राहून इस्त्री करणाऱ्या बाईच्या आणि मृत्यूच्या मध्ये ती पिन असते. आतली वायर सुटून धातूला लागली तर वीज अर्थमधून निघून जाते आणि ब्रेकर पडतो. अर्थ नसेल तर वस्तू चालू राहते, कुणीतरी हात लावेपर्यंत.

जर्मन किंवा इतर युरोपीय गोल जाड प्लगमध्ये एक फसगत आहे. त्याच्या दोन पिना आपल्या सॉकेटमध्ये जातात, वस्तू चालते, पण त्याचा अर्थ बाजूच्या पितळी पट्टीवर असतो आणि ती पट्टी आपल्या सॉकेटमध्ये कशालाच लागत नाही. सगळ्या पिना घेणाऱ्या 'मल्टी' सॉकेटचीही हीच गत. धातूचं अंग असलेल्या वस्तूला पिनच बदलून घ्या. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर बहुधा अर्थ मिळत नाही. चार्जरला तीन पिनांची वायर लावली की ते थांबतं.

आणि आपल्या घरचा अर्थ जिवंत आहे ना, तेही वायरमनकडून तपासून घ्या. आमच्याकडे जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि तिसरी पिन नावापुरती उरते. त्यात बादलीभर पाणी ओतत राहावं लागतं. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या, परदेशी वस्तू असो वा नसो.

पहिल्यांदा चालू करताना

पाटी जुळली, पिन नीट झाली, आता लावा. आपल्याकडे सॉकेटला बटण असतं. ते बंद ठेवून पिन पूर्ण आत ढकला. अमेरिकेत सॉकेटला बहुतेक ठिकाणी बटण नसतं, तिथे वस्तूचं स्वतःचं बटण बंद करून पिन लावा, नाहीतर लावतानाच ठिणगी पडते. अ‍ॅडाप्टरवर अ‍ॅडाप्टर चढवू नका. पिन खाली लोंबत असेल, हलवल्यावर वस्तू चालूबंद होत असेल, तर तो अ‍ॅडाप्टर टाकून द्या.

पहिली पाच मिनिटं तिथेच उभे राहा. गुणगुण वाढते आहे का, वास येतो आहे का, याकडे लक्ष द्या. मग बटण बंद करून पिनेला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर ती वस्तू पुन्हा लावू नका. धूर दिसला तर पिन ओढायला धावू नका, आधी मेन स्विच बंद करा. पाणी टाकू नका. कुणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला स्पर्श करण्याआधी मेन बंद करा.

आणि घरात १२० व्होल्टची वस्तू ठेवणारच असाल, तर तिच्या पिनेला लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि त्यावर जाड पेनने '१२०, ट्रान्सफॉर्मर' असं लिहा. तुम्हाला माहीत असतं. घरात आलेल्या पाहुण्यांना, शाळेतल्या नातवाला, कामाला येणाऱ्या मावशींना माहीत नसतं. काकूंच्या लेकीने या वर्षी शिवणयंत्र आणलं. ते घरी नेण्याआधीच त्या दुकानात आल्या, पाटी मला वाचून दाखवली आणि चिकटपट्टी माझ्याकडूनच मागून घेतली.